सिद्धेशच्या गाडीचा पिकअप

माझ्या गॅरेजमध्ये येणारा तरुण पोरगा पहिलं वाक्य काय बोलणार, हे मला तो गाडी स्टँडवर लावायच्या आधीच ठाऊक असायचं. "काका, पिकअप नाही." ब्रेकचे लायनर संपलेले असोत, चेन लोंबत असो, मागच्या टायरची नक्षी पुसून त्याचा गोटा झालेला असो, त्याबद्दल चकार शब्द नाही. पिकअप म्हणजे अॅक्सिलरेटर पिळल्यावर गाडी किती चटकन उसळते ते. ब्रेकबद्दल इतक्या कळवळ्याने बोलणारं पंचविशीच्या आतलं गिऱ्हाईक मला तेहतीस वर्षांत भेटलं नाही.

लालबागला एका चाळीच्या तळमजल्यावर माझा गाळा होता. आत दीड गाडी मावायची, बाकीच्या फुटपाथवर. कामाला मी एकटाच. गेल्या वर्षी गुडघ्यांनी राजीनामा दिला, तेव्हा शटर ओढलं आणि चावी भाच्याच्या हातात दिली. दिवाळी अंकवाले म्हणाले, तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा. मी म्हटलं, माझी अक्षरं आणि ग्रीसचे डाग यांत तुम्हाला फरक कळायचा नाही. तरी ते ऐकेनात, म्हणून लिहितोय.

मोटारसायकल हे यंत्र म्हणून फार भोळं आहे. तुम्ही मागाल ते देतं. माणूस उतावळा असेल तर ती उतावळी होते. ठाकूरद्वारचे एक बँकेतले गृहस्थ माझ्याकडे येत. वीस वर्षांत त्यांनी तीसच्या वर काटा जाऊ दिला नाही, आणि दर महिन्याला यायचे ते इंजिनातून बारीक आवाज येतो म्हणून. मी कान लावायचो, काही नसायचं. शेवटी एकदा वैतागून म्हटलं, "साहेब, गाडी कंटाळलीय." ते इतके घाबरले की आठवडाभर बसने ऑफिसला गेले. त्यांची मी खूप चेष्टा केली. आज वाटतं, सगळ्यांनी त्यांच्यासारखी चालवली असती तर माझा अर्धा धंदा बसला असता आणि मी आनंदाने बसू दिला असता.

दुसरे लोक आरसे काढायला यायचे. "लूक जातो काका." पन्नासच्या पुढे गाडी चालवायची आणि मागे काय येतंय ते बघायचं नाही, हा कुठला लूक? पण मी काढून द्यायचो. मी नाही काढले तर कोपऱ्यावरचा काढून देणार, हे आमच्या धंद्यातलं उत्तर. या उत्तराखाली आम्ही बरंच काही झाकलंय. सायलेन्सरमधली जाळी काढली, पुढचं दातेरी चक्र बदलून टॉप स्पीड वाढवून दिला, आणि वर "जपून चालव रे" असंही सांगितलं.

वेगाचं साधं गणित लोकांना कळत नाही, म्हणून सांगतो. तीसच्या वेगात गाडी जितक्या अंतरात थांबते, त्याच्या दुप्पट अंतर साठला लागेल असं सगळ्यांना वाटतं. लागतं जवळजवळ चौपट. शिवाय डोळ्यांनी बघून हात ब्रेकवर जाईपर्यंत गाडी जी पुढे निघून जाते ती वेगळीच. आणि हे सगळं चांगल्या रस्त्यावर. आमच्याकडे शिवडीपासून रे रोडपर्यंत गोदीच्या बाजूचे रस्ते कसे, तर ट्रेलरमधून सांडलेली रेती, जागोजागी तेलाचे डाग, आणि गोदीचे जुने रूळ रस्त्यातून तिरके गेलेले. त्या रुळात सायकलीचं चाकही फसतं. पण तो रस्ता रुंद आणि रविवारी सकाळी मोकळा, म्हणून पोरांना तोच आवडतो.

आपटलेली गाडी आली की ती बघूनच मला कळायचं काय झालं ते. पुढचे फोर्क, म्हणजे चाक धरणारे दोन दांडे, मागे वाकलेले असले की समोर धडक. फोर्क सरळ आणि फूटरेस्ट घासलेला म्हणजे घसरली. मागच्या टायरवर एकाच जागी रबर उडून सपाट डाग पडलेला असला, तर पोराने घाबरून मागचाच ब्रेक दाबून धरलेला असतो. एकदा परळचे एक गृहस्थ मुलाची गाडी टेम्पोतून घेऊन आले. फोर्क पार इंजिनाला टेकले होते. बाजूच्या हुकाला हेल्मेट लटकत होतं, त्यावर एक ओरखडा नव्हता. ते हेल्मेट बघितल्यावर मी काही विचारलंच नाही. मुलगा आदल्या आठवड्यात गेला होता. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "होईल दुरुस्त." ते म्हणाले, "दुरुस्त नको. नुसती धुऊन द्या." मी दोन तास ती गाडी धूत बसलो होतो. त्या दिवशी दुसरं काम झालं नाही.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं, त्याच्याकडे येतो.

आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर शैलावहिनी राहतात. त्यांचे मिस्टर मुलगा बारावीत असताना आजारपणात गेले. मुलगा सिद्धेश, एकुलता एक. आयटीआय केलं आणि माझगावला जहाजदुरुस्तीच्या एका कंत्राटदाराकडे फिटर म्हणून लागला. हाताने हुशार पोरगा. फाईल, म्हणजे कानस, मारताना खांदा कसा हलवायचा हे काहींना उपजतच येतं, त्यातला. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्याने जुनी पण दमदार मोटारसायकल घेतली. घेण्याआधी मला दाखवायला आणली, इंजिनाला कान लावून मीच होकार दिला. तेव्हापासून त्या गाडीला माझ्याशिवाय कोणाचा पाना लागला नाही.

आमच्याकडे एक पद्धत आहे. पूर्वी आया शाळेतल्या मास्तरांना जाऊन सांगायच्या, "दोन लावा त्याला, माझं ऐकत नाही." मुलं मोठी झाली, शाळा सुटली, आता तेच गाऱ्हाणं गाडीच्या मेकॅनिककडे येतं. एक दिवस दुपारी शैलावहिनी गॅरेजवर आल्या. हातात सिद्धेशचा मोबाइल. तो घरी विसरून कामावर गेला होता. त्यांनी मला एक व्हिडिओ दाखवला. गाडीचा काटा, तो एकशे दहाच्या पुढे थरथरतोय, आणि मागून मित्रांचा आरडाओरडा. कडेने गोदीची भिंत सरकत होती, त्यावरून रस्ता मी ओळखला.

"भावोजी, तुम्ही त्याच्या गाडीचं काहीतरी करा."

"वहिनी, मी बोलतो त्याच्याशी."

"बोलून झालं सगळं. हो म्हणतो आणि जातो. गाडीच हळू करा ना. तुम्हाला येत असेल ना तसं करता?"

येत असेल ना! तेहतीस वर्षांच्या मेकॅनिकला हे विचारायचं म्हणजे काय? माझा तिथेच घात झाला. मी म्हटलं, "येतं की. त्याला कळणारसुद्धा नाही."

पुढच्या सर्व्हिसिंगला मी ते केलं. कार्बोरेटरच्या आत एक नळकांडं वर-खाली होत असतं. अॅक्सिलरेटर पिळला की ते वर सरकतं, हवा-पेट्रोल जास्त जातं, गाडी पळते. त्या नळकांड्याच्या वर, स्प्रिंगच्या आत, मी नळीचा एक तुकडा बसवला. बोटाच्या पेराएवढा. आता ते अर्ध्यावर अडणार होतं. बाहेरून काही दिसत नाही, गाडी सुरू व्हायला त्रास नाही, पन्नासपर्यंत अगदी लोण्यासारखी. पासष्टला मात्र संपते. मी स्वतः फिरवून बघितली आणि खरं सांगायचं तर मला माझं कौतुक वाटलं. काम सुबक झालं होतं.

चार दिवसांत सिद्धेश आला. "काका, पिकअप नाही."

"जुनं इंजिन आहे बाबा. थकलंय."

"अचानक?"

"थकायला काय तारीख लागते?"

तो हसला. "तुम्ही बोलताय म्हणजे तसंच असेल."

पुढचे सहा महिने मी त्याला हेच सांगत राहिलो. कधी पेट्रोलमध्ये भेसळ आहे म्हणायचो, कधी रिंगा घासल्यात, पार्ट मिळत नाही. एकदा त्याच्या समाधानासाठी प्लग बदलल्याचं नाटकही केलं. शैलावहिनी जिन्यात भेटल्या की नुसत्या मान हलवून हसायच्या. सणाला त्यांच्याकडून घावने आले. मित्रांनी सिद्धेशला रविवारी बोलावणं बंद केलं, कारण तो मागे पडायचा. माझ्या दृष्टीने सगळं छान चाललं होतं.

एक गोष्ट मात्र मी बघूनही बघितली नाही. गाडी पळत नाही म्हटल्यावर सिद्धेश मिळालेला वेग सोडेनासा झाला. एकदा पासष्टला पोहोचला की वळण येवो, खड्डा येवो, तो ब्रेकला हात लावायचा नाही. पुन्हा वेग पकडायला फार वेळ लागतो ना! मी एकदा त्याच्या मागे बसून कॉटन ग्रीनपर्यंत जीव मुठीत धरून गेलो. घरी येऊन मला वाटलं, बरं झालं, पासष्टच आहे, शंभर असता तर? इतका मी स्वतःच्या हुशारीवर खूश होतो.

एका मंगळवारी सकाळी आठच्या सुमाराला तो कामावर निघाला. रे रोडच्या अलीकडे त्याच्या पुढे एक लांबलचक ट्रेलर होता, पन्नासच्या आसपास चाललेला. सिद्धेशने त्याला ओव्हरटेक करायला घेतलं. अर्धा ट्रेलर मागे टाकला आणि समोरून टेम्पो आला. त्याने अॅक्सिलरेटर होता नव्हता तेवढा पिळला. गाडी तिथल्या तिथे. मग ब्रेक मारला, चाक रुळात गेलं, आणि तो पडला. उजवा पाय दोन ठिकाणी मोडला, गळ्याजवळचं हाड मोडलं. ट्रेलरची मागची चाकं हाताच्या अंतरावरून गेली असं तिथला चहावाला सांगत होता.

परळच्या हॉस्पिटलात मी गेलो तेव्हा त्याचं ऑपरेशन होऊन तो वॉर्डात आला होता. पाय पट्ट्या गुंडाळून उंच ठेवलेला, ओठ सुजलेले. मला बघून म्हणाला, "काका, गाडीने ओढलंच नाही ओ. मी पूर्ण दिला होता."

मी त्याच्या उशाशी उभा होतो आणि मला खुर्ची सापडेना. खुर्ची शेजारीच होती.

बाहेरच्या पॅसेजमध्ये शैलावहिनींनी माझे हात धरले. "डॉक्टर म्हणाले, वेग कमी होता म्हणून वाचला. तुमचे उपकार आहेत भावोजी." मी हात सोडवून घेतले. कारण वेग कमी होता म्हणून तो वाचला हे खरं असेल, पण वेग कमी होता म्हणूनच तो त्या ट्रेलरच्या बगलेत अडकला हेही तितकंच खरं होतं. गाडी नेहमीसारखी असती तर दोन सेकंदांत तो पुढे निघून गेला असता. किंवा नेहमीसारखी असती तर त्याच्या आधीच्या कुठल्या रविवारी तो भिंतीवर गेला असता. यातलं काय झालं असतं, हे मला आजवर कोणी सांगू शकलेलं नाही. पण आमच्या धंद्यातला एक नियम आहे, कुठे लिहिलेला नसला तरी. गाडीत काय आहे आणि काय नाही, हे चालवणाऱ्याला माहीत पाहिजे. ब्रेक कमी लागत असतील तर तसं सांगून गाडी द्यायची, टायर गेला असेल तर सांगून द्यायची. आरसे काढणारा, जाळ्या काढणारा मी, एवढा एक नियम मात्र कधी मोडला नव्हता.

पोलिसांचा पंचनामा झाला, आरटीओच्या माणसाने ब्रेक-दिवे तपासले आणि गाडी सोडली. ती माझ्याच गाळ्यावर आली, दुसरीकडे कुठे जाणार? कार्बोरेटर कोणी उघडला नव्हता. चार स्क्रू काढले असते, तो तुकडा गटारात टाकला असता, की विषय संपला. दोन दिवस मी ती गाडी नुसती झाकून ठेवली. घरी जेवण जाईना. बायकोने एक दिवस ताट सरकवलं आणि म्हणाली, "तुमचा कायतरी बिनसला हा. माका सांगा."

सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. माझी समजूत घालेल असं वाटलं होतं, पण ती म्हणाली, "वहिनीन सांगितल्यान म्हणान तुमी केलास? पोराक इचारल्यात? आता जावन तेका सांगा."

सिद्धेश घरी आल्यावर एका रविवारी सकाळी मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. तो कॉटवर पाय लांब करून बसला होता, आत सळई घातलेला पाय. कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. शैलावहिनी आत चहा करत होत्या. मी आडवळण न घेता सांगायला लागलो. कार्बोरेटर म्हटल्यावर त्याने मान वर केली. फिटर तो, पुढचं फार समजावून सांगावं लागलं नाही.

त्याने पाय जरा बाजूला सरकवला. मग म्हणाला, "काका, मला कार्बोरेटर उघडता येत नव्हता का? दहा मिनिटांचं काम आहे. दोनदा पाना हातात घेतला होता मी. नाही उघडला. का माहितीये? तुम्ही बोललेलात इंजिन थकलंय."

त्याने स्वयंपाकघराकडे बघितलं आणि आवाज उतरवला.

"आईला माहीत होतं?"

मी हा प्रश्न जिना चढतानाच धरून चाललो होतो. त्याला उठवायला, बसवायला, अंघोळीला न्यायला घरात आईशिवाय कोणी नव्हतं. मी म्हटलं, "नाही. माझ्या डोक्यातून आलं, मीच केलं."

शैलावहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. कप हातात तसेच. त्या म्हणाल्या, "खोटं बोलतायत ते. मीच सांगायला गेले होते."

सिद्धेश आईकडे वळला. ओरडला नाही. ओरडला असता तर आम्हा दोघांनाही सोपं गेलं असतं.

"तुला काय वाटलं, मी ऐकलं नसतं?" त्याने विचारलं.

"ऐकलं होतंस का कधी?" त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

"नव्हतं ऐकलं." तो म्हणाला. "ऐकलं नसतंच. शंभरने मारली असती गाडी. पण मला वाटायचं, थकलेलं इंजिन पूर्ण पिळल्यावर थोडं तरी ओढेल; ती पासष्टला अडवलीय हे माहीत असतं ना, तर त्या ट्रेलरच्या बाजूला मी गेलोच नसतो. एवढी अक्कल आहे मला."

त्याने आईच्या हातातले कप घेतले, एक तिलाच परत दिला, आणि तिला कॉटवर बसवून घेतलं. मला चहा दिला नाही असं नाही. कप माझ्याकडे सरकवला. मी प्यायलोही. निघताना म्हटलं, "गाडी मी पहिल्यासारखी करून देतो. एकही पार्ट जुना ठेवत नाही."

"नको काका," तो म्हणाला. "गाडी दुसऱ्याकडे द्या. तुम्ही आता हात लावू नका तिला."

गिऱ्हाइकांनी मला शिव्या दिल्यात, एकाने हातोडी उगारलीय, पण असं कोणी म्हटलं नव्हतं. तो रागाने बोलला असता तर मी काही दिवसांनी पुन्हा विचारलं असतं. तो साधं बोलला होता, म्हणून पुन्हा विचारायची सोय नव्हती.

शिवडी नाक्याच्या अलीकडे एकाचं गॅरेज आहे. वीस वर्षं आम्ही एकमेकांची गिऱ्हाइकं पळवली आणि एकमेकांच्या कामाला नावं ठेवली. दुसऱ्या दिवशी मी टेम्पोत गाडी घालून त्याच्याकडे नेली. काय मोडलंय ते सांगितलं, कार्बोरेटरमध्ये काय आहे आणि ते कोणी बसवलं तेही सांगितलं, आणि म्हटलं, काम झाल्यावर पोराला समोर बसवून सगळं उघडून दाखव.

त्याने हातातला पाना खाली ठेवला. थट्टा करायची इतकी मोठी संधी त्याला पुन्हा मिळणार नव्हती. पण त्याने फक्त विचारलं, "तुझ्या गॅरेजला काय झालं?"

मी म्हटलं, "काही नाही झालं. गिऱ्हाइकाचा माझ्यावर विश्वास नाही." आणि गाडीच्या चाव्या त्याच्या हातात दिल्या.